बालकांच्या मेंदूचा शस्त्रवैद्य हवा आहे

हावड्याहून दक्षिणेस जाणाऱ्या गाड्यांतून आजही कितीतरी बंगाली कुटुंबे काटपाडी स्थानकावर उतरतात व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची वाट धरतात. ज्या कोलकात्यात १८३५ साली मेडिकल कॉलेज निघाले, जेथे डॉ. क्षीरोदचंद्र चौधुरी यांनी १९५६ साली केवळ बालकांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ उभारली, त्या नगरीतील लोकांनी इतक्या दूर का जावे?

कोलकात्यात निष्णात शस्त्रवैद्य नाहीत, असे मुळीच नव्हे. परंतु बालकाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करणे आणि ती विद्या पुढच्या पिढीस शिकविणे, ही दोन्ही कामे करणारा माणूस कोणत्याही शहरात विरळाच.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. पाच किलो वजनाच्या तान्ह्या मुलाच्या अंगात सर्व मिळून सुमारे ४०० मिलिलिटर रक्त असते. प्रौढाला किरकोळ वाटणारा रक्तस्राव त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून एकट्या शस्त्रवैद्याने भागत नाही. लहान मुलांना भूल देणारा तज्ज्ञ, शिकलेल्या परिचारिका व बालकांचा अतिदक्षता विभाग त्याच्या पाठीशी असावा लागतो.

आता असा माणूस तयार कसा होतो ते पाहा. एम. बी. बी. एस. ला साडेचार वर्षे व एक वर्ष उमेदवारी, एम. एस. ला तीन, मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या एम. सीएच. ला आणखी तीन; त्यानंतर मुलांच्या विभागातील अनुभव वेगळाच. तिशी केव्हाच उलटलेली असते. पश्चिम बंगालमध्ये सरकारी अध्यापकांची निवड आरोग्य भरती मंडळ करते. पण नेमलेल्या अध्यापकाची बदली झाली, की जमविलेला संच विस्कटतो. नुसती जाहिरात देऊन आणि वेतनाचा आकडा छापून हे काम होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेल्लोरचेच उदाहरण घ्या. डॉ. जेकब चांडी माँट्रिअल येथे डॉ. पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकले व १९४९ साली वेल्लोरला येऊन त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. तसा विभाग तोवर देशात कोठेच नव्हता. एका ठिकाणी पाय रोवून राहिल्यामुळेच त्यांच्या हातून शिष्य घडले.

डोक्यात पाणी साचलेल्या बालकाला झडप असलेली बारीक नळी बसवितात. मूल वाढते, नळी कधी तुंबते. मग उलट्या, डोकेदुखी, गुंगी सुरू होते. अशा वेळी काही तासांतच शस्त्रवैद्य गाठावा लागतो. हावड्याहून काटपाडीस पोहोचायला मात्र दिवसाहून अधिक वेळ लागतो.