न विकल्या गेलेल्या चौदा चित्रांनंतर

न्यूयॉर्कच्या ५७व्या रस्त्यावर बेटी पार्सन्स यांचे कलादालन होते. जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथको, बार्नेट न्यूमन असे, पुढे अमेरिकी चित्रकलेचे मानदंड ठरलेले चित्रकार तेथे आपली चित्रे मांडत. १९५१च्या ऑक्टोबरात या दालनाच्या भिंतींवर चौदा अमूर्त चित्रे लागली. उभ्या-आडव्या पट्ट्यांची, संयत रंगांची, भूमितीकडे झुकणारी ही चित्रे ली क्रासनर यांची होती. त्यांचे हे पहिलेच एकल प्रदर्शन. ते चालू असतानाच त्यांनी वयाची ४३ वर्षे पूर्ण केली. चित्रे पाहून समीक्षक संतापले नाहीत, भारावलेही नाहीत. चौदापैकी एकही चित्र विकले गेले नाही.

प्रदर्शन उतरले आणि ती चित्रे घरी परतली. पुढच्या चार वर्षांत त्यांचे जे झाले, त्यातून क्रासनर यांच्या कलाजीवनाला वळण मिळाले. त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागते.

क्रासनर यांचा जन्म १९०८ साली ब्रुकलिनमध्ये, आजच्या युक्रेनमधून स्थलांतरित झालेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव लीना. ते पुढे लेनोर झाले आणि अखेर ‘ली’ या आटोपशीर रूपावर स्थिरावले. हे नाव स्त्रीचे की पुरुषाचे, हे वाचून कळत नाही. त्या काळातील चित्रकर्तीसाठी ही सोय लहान नव्हती. ‘नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन’मध्ये शिकत असताना, वरच्या वर्गात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी एक आत्मचित्र सादर केले. अंगणातील झाडाला आरसा ठोकून, उघड्यावर उभे राहून ते रंगवले होते. परीक्षकांचा त्यावर विश्वासच बसेना. चित्र खोलीत बसून केले आहे आणि बाहेरच्या प्रकाशाचा केवळ बहाणा आहे, असा त्यांचा ग्रह झाला. प्रवेश मिळाला, पण अटीवर. पुढे हान्स हॉफमन यांच्यासारख्या नामवंत गुरूने त्यांच्या एका कामाची तारीफ केली तीही अशी, की हे एका बाईने केले आहे हे ओळखूसुद्धा येणार नाही! ही प्रशंसा क्रासनर यांनी जन्मभर लक्षात ठेवली आणि मुलाखतींतून वारंवार सांगितली.

मंदीच्या काळात सरकारी कलाप्रकल्पात भित्तिचित्रांचे काम करीत असतानाच त्या न्यूयॉर्कच्या आधुनिक चित्रकारांच्या वर्तुळात स्थिरावल्या. जानेवारी १९४२मध्ये जॉन ग्रॅहम या चित्रकाराने मॅकमिलन या सजावटकारांच्या पेढीत एक प्रदर्शन भरवले. पिकासो, मातीस, ब्राक यांच्या शेजारी काही अपरिचित अमेरिकी चित्रकारांची चित्रे लावायची, अशी त्यामागची धाडसी कल्पना होती. त्या अपरिचितांत क्रासनर होत्या, विलेम डी कूनिंग होते आणि पोलॉकही होते. यादीतील एकच अमेरिकी नाव क्रासनर यांना ठाऊक नव्हते. हा कोण, हे पाहायला त्या स्वतःच पोलॉक यांच्या स्टुडिओत जाऊन धडकल्या. त्या क्षणी दोघांपैकी अधिक ओळखी आणि अधिक शिस्तशीर आधुनिक शिक्षण होते ते क्रासनर यांच्याकडे. पोलॉक यांची अनेकांशी गाठ त्यांनीच घालून दिली. १९४५मध्ये दोघांनी लग्न केले आणि लाँग आयलंडवरील स्प्रिंग्ज या खेड्यात बिऱ्हाड थाटले.

अमूर्त अभिव्यक्तिवाद या नावाने ओळखली जाणारी चळवळ तेव्हा आकाराला येत होती. ओळखीच्या वस्तूंचे चित्रण टाळून रंग, रेषा आणि हाताची हालचाल यांनाच आशय मानणारी ही चित्रकला होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आधुनिक कलेचे केंद्र पॅरिसहून न्यूयॉर्कला सरकले, ते मुख्यतः तिच्यामुळे. मात्र या चळवळीने स्वतःची जी कथा रचली, तिचा नायक एकाकी, बेफाम, भल्यामोठ्या कॅनव्हासशी झुंजणारा पुरुष होता. ‘लाइफ’ साप्ताहिकाने जानेवारी १९५१मध्ये छापलेल्या बंडखोर चित्रकारांच्या प्रसिद्ध छायाचित्रात पंधरा जण आहेत. त्यांत स्त्री एकच, हेडा स्टर्न. पोलॉक त्यात आहेत, क्रासनर नाहीत. ग्रेस हार्टिगन यांनी तर काही काळ ‘जॉर्ज’ या नावाने आपली चित्रे मांडली.

स्प्रिंग्जच्या घरामागचे कोठार पोलॉक यांचा स्टुडिओ झाले. तेथे जमिनीवर कॅनव्हास पसरून रंगाच्या धारा सोडणारी त्यांची ती विख्यात चित्रे घडली. क्रासनर माडीवरच्या शयनगृहात काम करीत. जागेच्या मापाने चित्रेही लहान झाली. १९४६ ते १९५० या काळातील ‘लिटल इमेज’ मालिकेतील ही चित्रे दाट रंगाच्या बारीक जाळीने भरलेली आहेत. काहींत अपरिचित लिपीची अक्षरे ओळीने मांडावीत तशा खुणा दिसतात. लहानपणी गिरवलेल्या हिब्रूप्रमाणे क्रासनर उजवीकडून डावीकडे रंगवत जात. आज या मालिकेला त्यांच्या उत्तम कामांत गणले जाते. त्या काळी मात्र त्यांच्या कामाला जाहीर दाद मिळाली ती एका टेबलामुळे. गाडीच्या जुन्या चाकाची लोखंडी धाव वापरून, काचेचे तुकडे आणि इतर फुटकळ वस्तू जडवून त्यांनी ते बनवले होते आणि १९४८मध्ये बर्था शेफर यांच्या दालनात घरसजावटीच्या प्रदर्शनात ते मांडले गेले.

त्याच्या पुढच्याच वर्षी सिडनी जॅनिस यांच्या दालनात ‘आर्टिस्ट्स : मॅन अँड वाइफ’ हे प्रदर्शन भरले. चित्रकार जोडप्यांची कामे शेजारी शेजारी लावलेली. ‘आर्टन्यूज’च्या परीक्षणात शेरा उमटला, की यातल्या काही बायका नवऱ्यांची शैली नीटनेटकी करून ठेवतात. क्रासनर यांचा उल्लेख होता, पण कंसात ‘मिसेस जॅक्सन पोलॉक’ अशी ओळख देऊन. प्रदर्शनाची मांडणीच अशी, की तुलनेखेरीज पाहणाऱ्याला दुसरा मार्ग उरू नये. त्यामुळे दोष एकट्या परीक्षणकाराचा होता, असे म्हणता येत नाही.

अशा पार्श्वभूमीवर १९५१चे पार्सन्स यांच्याकडचे प्रदर्शन आले आणि रिकाम्या हाताने परतले. १९५२मध्ये पोलॉक यांनी पार्सन्स यांचे दालन सोडून जॅनिस यांचे दालन धरले, तेव्हा पार्सन्स यांनी क्रासनर यांनाही यापुढे तुमची चित्रे लावता येणार नाहीत असे कळवले. चित्रांबद्दल तक्रार नव्हती. पोलॉक यांची आठवण नको होती, एवढेच. नवऱ्यामुळे दार उघडले असेल-नसेल, ते बंद मात्र नवऱ्यामुळेच झाले.

त्यानंतर एकदा स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या रेखाटनांनी भरलेल्या भिंतींकडे पाहून क्रासनर यांना त्यांचा इतका तिटकारा आला, की त्यांनी ती सगळी फाडून जमिनीवर टाकली आणि दार ओढून घेतले. काही आठवड्यांनी दार उघडले तेव्हा जमिनीवरच्या त्या चिंध्यांत त्यांना काहीतरी दिसले. त्यांनी तुकडे उचलून चिकटवायला सुरुवात केली. कागद संपले तेव्हा पार्सन्स प्रदर्शनातून परतलेले कॅनव्हास हाती आले. काही कापले गेले, काहींच्या पृष्ठभागावरच नवे तुकडे चढले. पोलॉक यांनी टाकून दिलेली रेखाटनेही त्यांत मिसळली. या कामांतून उभे राहिलेले कोलाजचे प्रदर्शन १९५५मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत भरले. उंच, धारदार, काळ्या आकारांतून नारिंगी आणि पिवळा रंग झळकणारी ही कामे होती. क्लेमंट ग्रीनबर्ग या, त्या काळी ज्यांचा शब्द झेलला जाई अशा समीक्षकाने या प्रदर्शनाची गणना पुढे त्या दशकातील महत्त्वाच्या प्रदर्शनांत केली. छापील दाद मात्र त्या वेळी त्यांनी दिली नव्हती.

१९५६च्या उन्हाळ्यात क्रासनर एकट्याच युरोपला गेल्या. इझेलवर ‘प्रॉफसी’ हे चित्र होते. मांसल गुलाबी रंगातले, त्यांनाच भिववणारे. ११ ऑगस्टला पोलॉक दारूच्या अमलाखाली गाडी चालवताना अपघातात मरण पावले. क्रासनर यांना ही बातमी पॅरिसमध्ये कळली. परतल्यावर, काही आठवड्यांतच, त्यांनी त्याच धाटणीची आणखी तीन चित्रे रंगवली. पुढच्या वर्षी त्या कोठारातल्या स्टुडिओत कामाला गेल्या. जागा मोठी झाली तसे चित्रही मोठे झाले. १९५७चे ‘द सीझन्स’ पाच मीटरहून लांब आहे. फळांचे, पानांचे, देहांचे गोलाकार त्यात एकमेकांत वळसे घेत जातात. ऐन शोकाच्या वर्षात इतके सुफळ, इतके उन्मुक्त चित्र कसे निघाले, हे कोडे आजही पाहणाऱ्याला पडते. ही मालिका १९५८मध्ये मार्था जॅक्सन यांच्या दालनात लागली.

मग रात्रीची चित्रे आली. आईच्या मृत्यूनंतर निद्रानाशाने गाठले. क्रासनर रात्रभर रंगवू लागल्या, आणि दिव्याच्या उजेडात रंग खरे दिसत नाहीत म्हणून तपकिरी आणि पांढरा एवढ्यावरच त्यांनी भागवले. ग्रीनबर्ग तेव्हा ‘फ्रेंच अँड कंपनी’ या दालनाचे सल्लागार होते आणि क्रासनर यांचे प्रदर्शन तेथे ठरले होते. त्यांना ही नवी चित्रे रुचली नाहीत. क्रासनर यांनी माघार घेतली नाही. प्रदर्शन रद्द झाले. ही चित्रे अखेर १९६० आणि १९६२ साली हॉवर्ड वाइज यांच्या दालनात लोकांसमोर आली. नाकारले गेलेले काम आपल्याच आग्रहाने टिकवण्याचा हा प्रसंग त्यांच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जातो. याच मालिकेतील ‘द आय इज द फर्स्ट सर्कल’ हे १९६०चे चित्र मे २०१९मध्ये सदबीजच्या लिलावात एक कोटी १० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले.

संग्रहालयांची दारे मात्र मायदेशात उघडत नव्हती. पहिले मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन १९६५मध्ये भरले ते लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल गॅलरीत. तिचे संचालक ब्रायन रॉबर्टसन यांनी १९५८मध्ये तेथेच पोलॉक यांचे प्रदर्शन भरवले होते. या खेपेस त्यांनी क्रासनर यांच्याकडे स्वतंत्र चित्रकार म्हणून पाहिले. योगायोग असा, की त्याच वर्षी हॅरॉल्ड रोझेनबर्ग यांनी ‘एस्क्वायर’ मासिकात कलाबाजारातील चित्रकारांच्या विधवांच्या सत्तेवर लिहिताना उदाहरण दिले ते ‘मिसेस जॅक्सन पोलॉक’ यांचे. पोलॉक यांची चित्रे एकदम बाजारात न आणता, जपून, वेळ पाहून विकण्याचे क्रासनर यांचे धोरण होते. त्यातून पोलॉक यांची किंमत चढत गेली. तिकडे चित्रकार म्हणून मान्यता, इकडे विधवा म्हणून दरारा. दुसऱ्या प्रतिमेखाली पहिली झाकली जाणे सोपे होते.

न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयातील पहिले एकल प्रदर्शन यायला १९७३ उजाडले. व्हिटनी संग्रहालयात मार्शा टकर यांनी त्यांची भव्य चित्रे मांडली, तेव्हा क्रासनर ६५ वर्षांच्या होत्या. दरम्यान अमेरिकेत स्त्रीमुक्ती चळवळीने जोर धरला होता. १९७२मध्ये ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’समोर स्त्री कलावंतांनी केलेल्या निदर्शनांत क्रासनर यांचाही सहभाग होता. नव्या पिढीच्या अभ्यासक स्त्रियांनी त्यांचे काम धुंडाळायला घेतले. तरीही आपल्या चित्रांना ‘स्त्रीची कला’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवलेले त्यांना रुचत नसे.

या काळातले सर्वांत चमकदार प्रदर्शन कदाचित १९७७चे, पेस गॅलरीतले. हॉफमन यांच्या वर्गात काढलेली जुनी कोळशाची रेखाटने त्यांच्या घरी सापडली होती. वर्षानुवर्षे एकमेकांवर पडून राहिल्याने एकाचा कोळसा दुसऱ्यावर उमटला होता. क्रासनर यांनी कात्री उचलली. चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनीला चिरून तिच्यातून नवी कोलाज उभी केली आणि त्यांना ‘इम्परेटिव्ह’, ‘पास्ट कंडिशनल’ अशी व्याकरणातल्या क्रियारूपांची नावे दिली.

ऑक्टोबर १९८३मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात बार्बरा रोझ यांनी मांडलेले मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. पंचाहत्तरी गाठलेल्या, संधिवाताने जर्जर झालेल्या क्रासनर चाकांच्या खुर्चीतून तेथे हजर होत्या. हे प्रदर्शन शहरे फिरत फिरत न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये पोहोचणार होते; ज्या संस्थेने १९६७मध्ये पोलॉक यांचे भव्य प्रदर्शन भरवले होते आणि जिच्यासमोर क्रासनर यांनी फलक धरला होता, तिच्याच भिंतींवर. ते तेथे डिसेंबर १९८४मध्ये उघडले. क्रासनर त्याआधीच, १९ जून १९८४ रोजी, निवर्तल्या होत्या. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९८५मध्ये स्थापन झालेले पोलॉक-क्रासनर फाउंडेशन गरजू चित्रकारांना अर्थसाह्य देते. ‘द सीझन्स’ १९८७मध्ये व्हिटनीच्या संग्रहात दाखल झाले. रॉबर्ट हॉब्ज यांनी मांडलेले फिरते प्रदर्शन २०००मध्ये क्रासनर यांच्या जन्मस्थळी, ब्रुकलिनच्या संग्रहालयातही आले. २०१९मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये सुरू झालेले ‘लिव्हिंग कलर’ हे प्रदर्शन पुढे फ्रँकफर्ट, बर्न आणि बिल्बाओ येथे गेले.

या सगळ्यांत एक प्रदर्शन पुन्हा भरवता येणार नाही, ते १९५१चे. त्यातील बहुतेक चित्रे आता त्यांच्या मूळ रूपात नाहीत. मात्र १९५५च्या कोलाजसमोर जवळ उभे राहिले, की फाटक्या काळ्या कागदांच्या फटींतून त्यांच्या उभ्या पट्ट्या अजून दिसतात.