कापड फुकट, शिलाईचे पाच हजार

पहाटे ५:१०
कोल्हापूरचं सीबीएस. कागल तालुक्यातल्या गावाकडं जाणारी पहिली एसटी. सोबत ती, प्रोग्राम दुरुस्त करणारी. बायकांना एसटीत अर्धी सवलत, म्हणून तिचं तिकीट अर्धं, माझं पूर्ण. तिच्या सॅकमध्ये लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, दोन मीटर लॅनची वायर, स्क्रू ड्रायव्हर आणि डबा. वय चौतीस. सहा वर्षं झाली, लहान लहान संस्थांची सॉफ्टवेअर ती एकटीच सांभाळते. आजचं काम एका दूध संस्थेचं. त्यांचा बिलाचा प्रोग्राम पायथन ह्या संगणकाच्या भाषेच्या ३.९ आवृत्तीवर चालतो, तो ३.१३ वर न्यायचा. पाच हजार उक्ते. एका दिवसात झालं तरी तेवढेच, दोन लागले तरी तेवढेच.

सकाळी ५:५५
संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागलीय. माणसं अजून पेंगतायत, किटल्या मात्र नंबरात. पोरगं किटली घेतं, दूध काट्यावरच्या भांड्यात ओततं, चमचाभर नमुना बाटलीत काढतं. बाटली फॅटच्या मशीनखाली जाते. काट्याचा आकडा एका काळ्या डबीतून लॅनच्या वायरीनं कॉम्प्युटरपर्यंत येतो. मग पावती टरटरत बाहेर पडते : लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम.

ती कशालाच हात लावत नाही. वही मांडीवर घेऊन नुसती बघत बसते. एका माणसामागं वीस-बावीस सेकंद जातात. "चालू असताना काय काय होतं ते आधी बघायचं," ती म्हणते. "बंद पडल्यावर सगळेच बघतात."

सकाळी ८:४०
संकलन संपलं. फरशीवर पाणी मारणं चाललंय. चहा येतो. सचिव खुर्ची ओढून बसतात.

"मॅडम, ह्या नव्या व्हर्जनला पैसे किती पडतात?"

"काही नाही, अण्णा. पायथन फुकट असतं."

"मग पाच हजार कशाचे वो?"

"कापड फुकट आहे. ही शिलाई."

सचिव हसतात, पण पुढचा प्रश्न तयारच असतो. चालतंय ते कशाला उसवायचं? ती सांगते. ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं मिळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ह्याची भरली. आता त्यात चोरवाट सापडली तरी बुजवायला कोणी येणार नाही. आणि ह्याच कॉम्प्युटरवरून उत्पादकांच्या पैशाची फाईल बँकेला जाते. सचिव कपातला उरलेला चहा एका घोटात संपवतात. "संध्याकाळी साडेपाचला दूध यायला लागतंय," एवढंच बोलून उठतात.

सकाळी ९:१५
आधी सगळ्याची नक्कल. एक पेन ड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर. मग ३.१३ उतरवून घेते. जुनं काढत नाही. जुनी चूल तशीच ठेवून शेजारी नवी मांडायची. दोन्ही आवृत्त्या एका मशीनवर सुखानं नांदतात.

३.१४ तर ७ ऑक्टोबर २०२५ लाच आलंय, मग ते का नको? मी विचारतो. "नव्या मडक्यात पहिल्या दिवशी दूध तापवत नाहीत," ती म्हणते. ३.१३ ऑक्टोबर २०२४ चं. वर्षभर लोकांनी वापरलंय, त्यातले खडे निवडून झालेत.

सकाळी १०:०५
प्रोग्राम पहिल्यांदा नव्यावर चालवला. स्क्रीनवर सूचनांच्या ओळी. ती बोटानं मोजते. सतरा. सगळ्यांचं दुखणं एकच : मजकूर शोधण्याच्या खुणांमध्ये उलटी तिरकी रेघ आहे आणि सुरुवातीला आर हे अक्षर नाही. जुनं पायथन हे पोटात घालायचं. ३.१२ पासून ते तोंडावर बोलून दाखवतं. सतरा ठिकाणी आर लावायला अकरा मिनिटं.

नव्याच्या सोयीही आहेत. चूक झाली की निरोप रंगीत येतो, नेमक्या शब्दाखाली खूण करतो. आज्ञा टाइप करायची खिडकी सुधारलीय. पाच ओळींचा तुकडा एका झटक्यात परत बोलावता येतो, बाहेर पडायला नुसतं एक्झिट लिहिलं की पुरे, कंस लागत नाहीत. "कंसासाठी किती वर्षं ओरडा खाल्ला," ती म्हणते.

सकाळी १०:५०
आता लाल ओळ. टेलनेटलिब नावाचं मॉड्यूल सापडत नाही.

काट्याच्या काळ्या डबीशी बोलायचं काम हेच टेलनेटलिब करायचं. पायथनची जुनी बढाई अशी की खोक्यात बॅटऱ्या सोबतच मिळतात, बाहेरून काही आणावं लागत नाही. आपल्याकडं बॅटरी म्हणजे विजेरी, आत घालायचे ते सेल. तर पायथननं सेलही दिले होते. काळ सरला तसे त्यातले काही गळायला लागले. ३.१३ नं असे १९ मॉड्यूल एकदम काढून टाकले. टेलनेटलिब त्यातलंच एक. वेबपानांसाठीचं सीजीआय दुसरं.

न सांगता नाही काढले. २०२२ साली ३.११ आलं तेव्हापासून, हे वापरलं की जाणार असल्याची सूचना निघत होती. पण हे मशीन ३.९ वरच बसून राहिलं. दवंडी त्याच्या गल्लीत आलीच नाही.

दुपारी १२:००
तयार पर्याय बाहेर मिळतात. ती घेत नाही. "एका डबीसाठी आणखी एक पाहुणा कशाला? उद्या तोही जाईल." जोडणीसाठी पायथनचं स्वतःचं सॉकेट मॉड्यूल आहे, ते कुठं जात नाही. चौदा ओळी लिहिते. जोडणी कर, पाच सेकंद वाट बघ, आलेला आकडा वाच.

सीजीआय एका जुन्या पानात होतं, बँकेची फाईल चढवायच्या. ते काढून पान नव्यानं मांडायला पाऊण तास.

दुपारी १:३०
डबा. भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. सचिवांच्या घरून ताक येतं. ती डाव्या हातानं उजवं मनगट दाबत बसते. "बाहेरून दिसतं बसून काम," म्हणते.

दुपारी २:२५
आता चाचणी. दूध नाही, म्हणून पोरगं किटलीत नळाचं पाणी भरतं. काट्यावर ओततं.

"दार लोटून घ्या की," पोरगं म्हणतं. "डेअरीत पाणी मोजताना कुणी बघितलं तर गावभर होईल."

पहिली किटली. काट्यावर १२.४०, स्क्रीनवर १२.४०. दुसरी, बरोबर. तिसरी, बरोबर. सहाव्या किटलीला काट्यावर परत १२.४०. स्क्रीनवर १२. सातवी लहान किटली, काट्यावर ३.८५. स्क्रीनवर ४०.

पोरगं हसतं. ती हसत नाही. लाल ओळ नाही, पिवळी नाही, प्रोग्राम अगदी खुशीत चाललाय. सहाव्याचं चारशे मिली गेलं. म्हशीच्या दुधाला लिटरला पन्नास धरले तर वीस रुपये. आणि सातव्याच्या नावावर ४० लिटर, दोन हजार.

दुपारी ३:००
ती वहीत आकडा लिहिते आणि मधोमध रेघ मारते. १२. एकीकडं, ४० दुसरीकडं. डबी कधी पूर्ण आकडा एका दमात पाठवते, कधी दोन तुकड्यांत. टेलनेटलिबला सांगितलं होतं, ओळ संपल्याची खूण येईपर्यंत थांब. ते निमूट थांबायचं. तिच्या चौदा ओळी पहिला तुकडा आला की तोच घेऊन निघाल्या. मागं राहिलेलं ४० पुढच्या माणसाच्या पदरात पडलं. बारा आणि टिंब हाही पायथनच्या लेखी चांगला आकडाच, म्हणून कुणी हटकलं नाही.

"माझीच चूक," ती म्हणते. "जुनं काय करतं ते वाचलं. थांबतं किती, ते नाही वाचलं."

आणखी सहा ओळी. आलेले तुकडे जोडत राहा, खूण दिसली की तोड, उरलेलं पुढच्यासाठी जपून ठेव. मग परत पाणी. तीस किटल्या. पोराचे खांदे भरून येतात. ती त्याला वडापाव आणायला पाठवते. दोन वडापावचे पैसे तिच्या खिशातून.

दुपारी ४:१५
शेवटची खात्री. मागच्या दहा दिवसांचं बिल जुन्यावर एकदा, नव्यावर एकदा. २१४ उत्पादक, सकाळ-संध्याकाळ. दोन्ही याद्या शेजारी लावून वजाबाकी. स्क्रीनवर एक लांब रकाना उतरत जातो : शून्य, शून्य, शून्य. ती शेवटपर्यंत बघते. मधेच उठत नाही.

जुन्याला ४१ सेकंद लागले होते, नव्याला २९. ३.११ पासून पायथनचा वेग वाढलाय, त्याचा हा वाटा. सचिवांना ती हे सांगते. ते म्हणतात, "बारा सेकंदात मी काय करू?"

संध्याकाळी ५:४०
पहिली किटली, खऱ्या दुधाची. पडद्यावर दोन चित्रं, नवं चालू, जुनं शेजारी तयार. ती उभीच. ओठ हलतायत, काट्यावरचा आकडा मनात म्हणतेय, मग पावती बघतेय.

एक म्हातारी पावती डोळ्यांजवळ नेते. काल किती, आज किती, पुटपुटते. घडी घालून कनवटीला लावते. पुढची किटली वर येते.

अर्ध्या तासानं ती खुर्चीवर बसते. सकाळपासून पहिल्यांदाच पाठ टेकवून.

रात्री ८:१०
सचिव नोटा मोजून देतात. पाचशेच्या दहा. व्हाउचरवर सही. कामाचा तपशील काय लिहायचा, विचारतात. ती सांगते, "दुरुस्ती."

निघताना ती कपाटातून पांढरी चिकटपट्टी मागून घेते. फॅटच्या मशीनवर आहे एक तशी, पुढच्या सर्व्हिसची तारीख लिहिलेली. कॉम्प्युटरच्या डब्यावर पट्टी लावते, मार्करनं लिहिते : ३.१३, ऑक्टोबर २०२९ पर्यंत. अंगठ्यानं कडा दाबून बसवते.

शेवटची एसटी साडेआठची. तिचं तिकीट अर्धं, माझं पूर्ण.