ठेका म्हणजे फक्त सफाईकाम नव्हे!

सरकारी ठेका म्हटला की आपल्या वस्तीत सफाईचे काम, नाहीतर रस्त्याची खडी एवढेच डोळ्यांसमोर येते. पण सरकारला गणवेश लागतात, टेबल-खुर्च्या लागतात, छपाई लागते, संगणकाची दुरुस्तीही लागते. ही कामे आपली मुले-मुली करू शकत नाहीत काय?

केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांच्या एकूण खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ठेवला आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. म्हणजे हा वाटा आपलाही आहे. महिलांच्या उद्योगांसाठी वेगळे ३ टक्के आहेत. मात्र माल स्वतः तयार करणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्यालाच हा लाभ मिळतो, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. भागीदारीत किमान ५१ टक्के हिस्सा आपला हवा.

प्रथम 'उद्यम' नोंदणी करावी. ती मोफत आहे. जातीचा दाखला तयार ठेवावा. मग २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी ऑनलाइन बाजारात पुरवठादार म्हणून नाव नोंदवावे. या धोरणात निविदेचे कागद फुकट मिळतात, बयाणा रक्कमही माफ असते. दर मात्र मजुरी, वाहतूक धरून, हिशेब करूनच भरावा.

बंधू-भगिनींनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडून निविदाच आली नाही, तर आपले ते ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून घेण्याची तरतूद त्याच धोरणात आहे. हक्क मिळाला आहे. आता अर्ज भरा!