सल्लागाराने विचारले नाही तरी सांगा : पैसा कुठे नको

हातात रक्कम आली की आपल्याकडे आधी प्लॉट किंवा सोने आठवते. आता यवतमाळ, पुसद, दिग्रसमध्येही म्युच्युअल फंडाची चौकशी होते. पहिला प्रश्न ठरलेला : "यात सूद तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे, पण तो आपणच विचारायचा असतो.

युरोपियन युनियनमध्ये २ ऑगस्ट २०२२ पासून सल्लागाराला ग्राहकाला विचारावेच लागते, की पर्यावरण व समाजाचे भान ठेवणारी गुंतवणूक हवी का, आणि किती? आपल्याकडे सेबीच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत सल्लागार वय, उत्पन्न, कर्ज, उद्दिष्ट आणि जोखीम घेण्याची तयारी विचारतो. मूल्यांचा वेगळा प्रश्न त्यात नाही.

बाजारात दोन वेगवेगळ्या चाळण्या आहेत. शरिया फंड बँका, दारू, जुगार वगळतात, व्याजी कर्जात बुडालेल्या कंपन्याही टाळतात. टाटा एथिकल फंड या प्रकारातला. दुसरी चाळणी 'ईएसजी', म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार. सेबीने जुलै २०२३ मध्ये अशा फंडांचे सहा प्रकार ठरवून दिले. किमान ८० टक्के पैसा जाहीर केलेल्या धोरणानुसारच लावावा लागतो.

इथे गल्लत होते. ईएसजी फंडात बँकांचे शेअर असू शकतात. उलट, कोळशाचा धंदा म्हणून शरिया चाळणी कंपनीला बाद करत नाही. वणी परिसरातल्या खाणींची धूळ ज्यांनी पाहिली, त्यांना हा फरक लगेच कळेल. म्हणून 'एथिकल' हे नाव वाचून समाधान मानू नका.

मग काय करावे?

• समोरचा माणूस कोण, ते आधी विचारा. सल्लागार फी आपल्याकडून घेतो, तर वितरकाला कमिशन फंड कंपनीकडून मिळते. सेबीच्या वेबसाइटवर सल्लागाराचा नोंदणी क्रमांक तपासा.

• आपली अट लेखी द्या : "व्याज नको", "दारू-तंबाखू नको", "प्रदूषण करणारे उद्योग नकोत".

• फंड दर महिन्याला कुठे पैसा लावला त्याची यादी जाहीर करतो. पहिली दहा नावे तरी वाचा.

दोन्ही चाळण्या तोट्यापासून वाचवत नाहीत; शेअर बाजाराची जोखीम राहतेच. "हलाल आहे, नफ्याची गॅरंटी" असे कोणी म्हणाला तर तिथूनच उठा. शरियाबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारा, पैशाबद्दल नोंदणीकृत सल्लागाराला. पण नको काय, ते आधी घरात बसून ठरवा.