तापमान १३ अंश. पण कशाचं?

माझं गाव जवाहरनगर. एवढंच सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "कुठलं? गोरेगावचं?" मग सांगावं लागतं, भंडारा जिल्ह्यातलं, आयुध निर्माणीचं. पाकिटावर मात्र ४४१९०६ लिहिलं की प्रश्न मिटतो.

इमारतींमधल्या तापमानाच्या सेन्सरांचंही हेच दुखणं आहे. फरक एवढाच, की त्यांच्या नावापुढे बहुतेक वेळा पिनकोड नसतो.

हॉस्पिटल, मॉल, आयटी पार्क अशा मोठ्या इमारतींत सेंट्रल एसी एका संगणकीय यंत्रणेवर चालतो. तिला बीएमएस म्हणतात. त्यातला प्रत्येक सेन्सर, प्रत्येक सेटिंग म्हणजे एक 'पॉइंट'. मोठ्या इमारतीत असे हजारो पॉइंट असतात, आणि प्रत्येकाचं नाव यंत्रणा बसवणाऱ्या माणसानं ठेवलेलं असतं.

आता समजा, एका पॉइंटवर १३ अंश दिसतंय. हे बरोबर की चूक? एअर हँडलिंग युनिटमधून बाहेर पडणारी थंड हवा असेल, तर अगदी बरोबर. खोलीतली हवा असेल, तर माणसं कुडकुडत असणार. चिलरमधून येणारं पाणी असेल, तर ते साधारण ७ अंशांच्या आसपास हवं, म्हणजे चिलर नीट चालत नाही. आणि बाहेरची हवा असेल, तर विदर्भातल्या डिसेंबरच्या पहाटे त्यात नवल काहीच नाही. आकडा एकच, अर्थ चार. कोणता अर्थ घ्यायचा हे फक्त नाव सांगतं.

मी एका इमारतीचा डेटा पहिल्यांदा उघडला तेव्हा नावं अशी होती: 'एएचयू २ आरएटी', 'आरएम टी ३', 'टेम्प १४', 'टेम्प १४ न्यू'. आरएटी म्हणजे रिटर्न एअर टेम्परेचर की रूम एअर टेम्परेचर? दोन्ही बसतं. 'आरएम टी ३' चा आलेख तर दिवसरात्र २४ वर सरळ रेघ. मी खूश, काय सुंदर कंट्रोल आहे! दोन आठवड्यांनी कळलं की तो सेन्सर नव्हताच. तो सेटपॉइंट होता, म्हणजे ऑपरेटरनं 'इतकं ठेव' म्हणून दिलेला आकडा. त्यावर केलेलं सगळं विश्लेषण केरात गेलं. 'टेम्प १४' साठी शेवटी तिथल्या ऑपरेटर काकांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, तो १४ नंबर तर कधीचाच काढला ना! न्यू म्हणजे स्टोअर रूममधला." ही माहिती फक्त काकांच्या डोक्यात होती. काका रिटायर झाले की तीही गेली.

असं का होतं? जुन्या कंट्रोलरमध्ये नावाला मोजकीच अक्षरं मिळायची. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, एकाच कंपनीतल्या दोन इंजिनिअरांचीही वेगळी. १९९५ मध्ये बॅकनेट हे प्रमाण आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलू लागली. पण बॅकनेट एवढंच बघतं, की एका उपकरणात दोन पॉइंटचं नाव सारखं नको. नावातून काय कळलं पाहिजे, हे ते ठरवत नाही. फोन लागला, पण भाषा ठरली नाही.

भाषा ठरवायचे दोन प्रयत्न मोठे आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट हेस्टॅकमध्ये पॉइंटला टॅग लावतात: 'डिस्चार्ज', 'एअर', 'टेम्प', 'सेन्सर'. २०१६ मध्ये काही विद्यापीठं आणि आयबीएमच्या संशोधकांनी मांडलेली ब्रिक स्कीमा आणखी पुढे जाते. पॉइंट कोणत्या प्रकारचा आहे, कोणत्या यंत्राचा आहे आणि ते यंत्र कोणत्या खोल्यांना हवा देतं, ही नातीही ती लिहून ठेवते. कुणी 'सप्लाय एअर' म्हणतं, कुणी 'डिस्चार्ज एअर'. ब्रिकमध्ये हे दोन्ही सेन्सर समान मानलेत.

इथे मला आपला पिनकोड आठवतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते लिहिण्याच्या कितीतरी भाषा आणि लिप्या. त्यांनी एकाही गावाचं नाव बदललं नाही, फक्त नावाच्या जोडीला सगळ्यांना मान्य असा क्रमांक दिला. ब्रिकमध्येही जुनं 'टेम्प १४ न्यू' तसंच राहू शकतं. त्याला ठरलेला अर्थ जोडला की काम झालं. हजारो पॉइंटना हा अर्थ हातानं जोडणं मात्र फार किचकट. म्हणून नावातल्या अक्षरांवरून आणि आकड्यांच्या चढउतारावरून संगणकाला प्रकार ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं? सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. ही चूक पकडता आली, कारण तो आकडा कशाचा आणि कुठला, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि शेजारच्या केंद्रांशी ताडून बघता येत होतं. इमारतीतला सेन्सर चुकला आणि तो कशाचा हेच माहीत नसलं, तर चूक चूक म्हणून दिसतच नाही. एसी वर्षानुवर्षं जास्त चालत राहतो आणि बिल भरत राहतं.

तुमच्याकडे बीएमएस असेल तर आजच एक वही करा. प्रत्येक पॉइंटपुढे चार गोष्टी लिहा: काय मोजतो, कुठे बसवलाय, सेन्सर आहे की सेटपॉइंट, आणि एकक कोणतं. काका रिटायर व्हायच्या आधी.