पवनचक्कीशेजारी घर : भीती किती, खबरदारी कोणती?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला साताऱ्याकडून, धुळ्याकडून नातेवाईक नागपुरात येतात. कोणी सोबत जुने रिपोर्टही आणतो आणि रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दाखवून घेतो. अशा वेळी एक प्रश्न हमखास निघतो : "आमच्या वस्तीजवळ पवनचक्क्या आहेत. त्यानं डोकं दुखतं, बीपी वाढतो म्हणतात. खरं का?"

नागपुरात पवनचक्क्या नाहीत. पण साताऱ्यातील वनकुसवडे पठारावर आणि धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल भागात त्या मोठ्या संख्येने आहेत. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही बुद्धांची शिकवण इथेही लावू या.

आवाज : पात्यांचा सपसप आवाज होतो. पाचशे मीटरवर तो साधारण घरातल्या फ्रिजच्या घरघरीएवढा असतो. दिवसा जाणवत नाही, पण गावातल्या शांत रात्री ऐकू येतो. कॅनडाच्या सरकारी आरोग्य खात्याने १,२३८ घरांतील लोकांची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. पवनचक्कीच्या आवाजाचा आजारपणाशी किंवा झोपमोडीशी संबंध दिसला नाही. मात्र आवाज जितका जास्त, तितकी लोकांची चिडचिड जास्त, हे दिसले. म्हणजे त्रास होतो असे सांगणारा माणूस खोटे बोलत नाही. पण बीपी, शुगरचे कारण पवनचक्की समजून गोळी बंद करणे किंवा तपासणी टाळणे धोक्याचे आहे.

सावली : सकाळ-संध्याकाळ फिरत्या पात्यांची सावली घरात लुकलुकते. त्यामुळे फिट येते अशी भीती असते. मोठी पवनचक्की मिनिटाला साधारण १० ते २० फेऱ्या घेते. तीन पाती धरली तरी सावली सेकंदाला एखाद्याच वेळा पडते. लुकलुकीने फिट येण्याचा धोका सहसा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकल्यावर असतो. तरीही डोळ्यांना त्रास होत असेल तर त्या बाजूला पडदा किंवा झाड लावावे.

ढग पळतात का? नाही. पात्याचे टोक जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर असते. पाऊस देणारे ढग बनतात ते कित्येक किलोमीटर पसरलेल्या वाऱ्यांमुळे.

खरा धोका कुठे? पाते तुटणे, आग लागणे असे अपघात क्वचित होतात, पण होतात. म्हणून पवनचक्कीखाली शेळ्या बांधू नका, विजा चमकताना तिथे थांबू नका, मुलांना ट्रान्सफॉर्मरजवळ खेळू देऊ नका.

नियम काय सांगतो? केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभारू नये, असे म्हटले होते. त्याआधीच्या पवनचक्क्या जवळ असू शकतात. ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

नवी पवनचक्की येणार असेल तर अंतर आधी मोजून घ्या. गावकुसाबाहेरची वस्ती नकाशात धरली आहे का, ते पाहा. अंतर फक्त गावठाणापासून मोजले तर आपली घरे राहून जाऊ शकतात. हरकत ग्रामसभेत लेखी द्या, पोच घ्या. आवाजाचा त्रास असेल तर तारीख-वेळ वहीत लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मोजणीची मागणी करा.

आता आपल्या नागपूरचे. आपल्याकडची वीज कोराडी, खापरखेड्याला कोळसा जाळून होते. कोळशाच्या धुरातली बारीक धूळ फुप्फुसात जाते. दमा आणि हृदयविकार यांच्याशी तिचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. पवनचक्कीतून धूर निघत नाही, राखही नाही. तेव्हा पवनचक्की नको म्हणण्यापेक्षा ती योग्य अंतरावर हवी, आणि अंतर मोजताना आपली वस्तीही मोजली जावी, ही मागणी आरोग्याच्या आणि हक्काच्या दृष्टीने बरोबर आहे.