संकटकाळात श्रद्धेची कसोटी : ख्रिस्ती परंपरा काय सांगते?

घरातील कर्त्या माणसाचे अकाली निधन, दीर्घ आजार, गेलेली नोकरी, मुलांची चिंता हे प्रसंग कोणत्याही धर्माच्या माणसाला चुकलेले नाहीत. अशा वेळी श्रद्धाळू माणसाच्या मनात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. हे माझ्याच वाट्याला का आले? आणि देव आहे, तर तो गप्प का? ख्रिस्ती धर्मात या प्रश्नांचा विचार दोन हजार वर्षांपासून होत आला आहे. श्रद्धा ठेवली की संकट येत नाही, असे आश्वासन बायबल कोठेही देत नाही. मात्र संकटात माणसाने देवाशी आणि इतर माणसांशी कसे वागावे, याविषयी ते पुष्कळ सांगते. हे सांगणे प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यासाठी मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) चरित्र त्याचे बोलके उदाहरण आहे.

दुःख म्हणजे शिक्षा आहे का?

संकटात सापडलेल्या माणसाला सर्वाधिक छळणारी शंका म्हणजे आपल्याच एखाद्या पापाचे हे फळ असावे ही. बायबलमधील 'ईयोब' या ग्रंथाचा हाच विषय आहे. ईयोब हा सदाचारी गृहस्थ. त्याची गुरेढोरे, मुलेबाळे आणि अखेरीस आरोग्यही जाते. सांत्वनाला आलेले तीन मित्र आधी सात दिवस निःशब्द बसून राहतात. नंतर मात्र 'तुझ्या हातून काही पाप घडलेच असले पाहिजे', असा धोशा लावतात. ईयोब ते मान्य करीत नाही. तो देवालाच जाब विचारतो. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. वाद घालणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र योग्य ठरते.

योहानाच्या शुभवर्तमानातही असाच प्रसंग आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईवडिलांनी? येशू दोन्ही शक्यता नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या श्रद्धेतील उणिवा शोधणाऱ्यांनी हे दोन्ही प्रसंग पुन्हा वाचावेत असे आहेत.

तक्रार करण्याची मुभा

'रडू नये, देवाची इच्छा मानून गप्प राहावे', असा सल्ला अनेकदा दिला जातो. बायबलमधील प्रार्थना तशा नाहीत. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतील एक मोठा भाग विलापाचा आहे. भक्त देवाला विचारतो की तू मला विसरलास का, आणि किती काळ विसरणार. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी विश्वासाच्या उद्गाराकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते. असे स्तोत्रही प्रार्थनेच्या ग्रंथात जपून ठेवले गेले, हे महत्त्वाचे आहे.

स्वतः येशूनेही अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत हे दुःख टळावे अशी प्रार्थना केली आणि त्यानंतर पित्याच्या इच्छेला मान तुकवली. वधस्तंभावर त्याने काढलेले आर्त उद्गार २२ व्या स्तोत्रातील आहेत. दुःख बोलून दाखवणे म्हणजे श्रद्धा डळमळणे, असा अर्थ यातून निघत नाही. ज्याच्यावर भरवसा असतो, त्याच्याकडेच माणूस तक्रार करतो.

रमाबाईंचा प्रवास

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून फिरत असत. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि बहीण यांचा थोड्याच काळात अंत झाला. रमाबाई आणि त्यांचे बंधू पायी भटकत कोलकात्याला पोहोचले. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. परंतु १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याला बळी पडले. हाताशी तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे प्रश्न सुटले, असे मात्र झाले नाही. इंग्लंडमधील धर्मभगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार पाहिला, तर स्वतःच्या बुद्धीला न पटणारे मत केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या, हे दिसते. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी प्रांजळपणे नोंदवले की, धर्म स्वीकारला तरी ख्रिस्ताची खरी ओळख पटण्यास आठ वर्षे जावी लागली. श्रद्धा एका दिवसात पूर्ण होत नाही, ती वाढावी लागते, हे त्यांचे अनुभवाचे बोल होते.

त्या आठ वर्षांनंतरही अडचणी थांबल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यात आलेले त्यांचे 'शारदा सदन' १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. तीनच वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या दुष्काळाने त्यांना पोरके केले होते, तसल्याच दुष्काळात रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातील केडगावचे 'मुक्ती सदन' त्यातून उभे राहिले. आपले दुःख कशासाठी होते, याचे तात्त्विक उत्तर त्यांना मिळाले की नाही, हे सांगता येत नाही. पण त्या दुःखाने त्यांना इतरांचे दुःख ओळखता आले, हे केडगावकडे पाहून म्हणता येते. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचेही निधन झाले. तरीही मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी १९२२ मधील आपल्या मृत्यूपूर्वी पूर्ण केले.

एकट्याने पेलायचे ओझे नाही

संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात एक क्रम सांगितला आहे. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि शीलातून आशा निर्माण होते. हा क्रम आपोआप घडत नाही. त्याच संकटाने माणूस कडवटही होऊ शकतो. म्हणूनच ख्रिस्ती जीवनात मंडळीला, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समुदायाला, मोठे स्थान आहे. रविवारच्या उपासनेत आजारी आणि शोकग्रस्त लोकांसाठी प्रार्थना होते. ज्याला स्वतः प्रार्थना करण्याचे बळ उरलेले नाही, त्याच्यासाठी इतर जण ती करतात. राखेच्या बुधवारी सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ हा तर दुःखाचा अर्थ शांतपणे समजून घेण्याचा दरवर्षीचा अभ्यासच होय. त्याचा शेवट गुड फ्रायडेला होत नाही, तो ईस्टरला होतो. पण गुड फ्रायडे टाळून ईस्टर गाठता येत नाही.

शोकाच्या घरी जाताना पाळायचा नियमही ईयोबाच्या कथेतूनच घेता येतो. त्याचे मित्र गप्प बसले होते तोवर त्यांचे येणे सार्थ होते. डबा पोचवणे, रुग्णालयात रात्री थांबणे, मुलांना शाळेत सोडणे या गोष्टी उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

श्रद्धा आणि औषधोपचार

प्रार्थना पुरेशी असताना डॉक्टर कशाला, असा विचार कधी कधी ऐकू येतो. नव्या करारात पौलाचा सहकारी लूक याचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून येतो, हे त्यावर पुरेसे उत्तर आहे. शरीराच्या आजाराला लागू असलेली गोष्ट मनाच्या आजारालाही लागू आहे. दीर्घकाळ झोप न लागणे, जगण्याची इच्छा न राहणे ही श्रद्धा कमी असल्याची खूण समजू नये. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाची मदत विनासंकोच आणि वेळीच घ्यावी. प्रार्थना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत.

पौलाला स्वतःलाही कसलीशी व्यथा होती. तिला त्याने शरीरातील काटा म्हटले आहे. ती दूर व्हावी म्हणून त्याने तीनदा याचना केली. काटा निघाला नाही. देवाची कृपा पुरेशी आहे आणि दुर्बलतेतच तिचे सामर्थ्य प्रकट होते, एवढेच उत्तर त्याला मिळाले. मागितलेले न मिळताही प्रार्थना सुरू ठेवणे, मनातले दुःख देवापासून न लपवणे आणि शेजारच्या दुःखी माणसाकडे पाठ न फिरवणे, यांतूनच ख्रिस्ती माणसाची श्रद्धा वाढत जाते.